दुसरी बादली

"बंब पेटवू नकोस."

मी परसात उकिडवी बसून बंबाच्या नळकांड्यात रद्दीचे बोळे कोंबत होते, तेव्हा मागून आईचा आवाज आला. मिरजेहून एसटीत कुडकुडत आले होते. घरी पोहोचल्यावर कढत पाण्यानं आंघोळ करायची, एवढी एकच गोष्ट सगळ्या प्रवासात डोक्यात होती.

"का? गळायला लागलाय?"

"गळत नाही. पेटवायचा नाही."

"मग आंघोळ?"

"पिंपात पाणी आहे."

मी वळून बघितलं. आई नुकतीच आंघोळ करून आली होती. केस ओले, ओठ काळेनिळे, आणि श्वास घेताना छातीत बारीक शिट्टी वाजत होती. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, पण ती शिट्टी ओळखायला नर्सिंग शिकावं लागत नाही. आईचा दमा माझ्या जन्माच्या आधीचा. डिसेंबरात आमच्या नगर जिल्ह्यात, त्यातून कालव्याच्या काठाला, पिंपातलं पाणी हाताला चावतं. दमेकरी माणसानं त्या पाण्याला बोटसुद्धा लावू नये.

"आई, तू गार पाण्यानं आंघोळ केलीस?"

ती आत गेली. बंबाशेजारी बाभळीचे ओंडके रचलेले होते. एकही फोडलेला नव्हता.

माझा भाऊ दानियल, आमचा दानू, जाऊन महिना होत आला होता. कारखान्यात सकाळच्या पाळीला मोटरसायकलवर निघाला होता. कालव्याच्या रस्त्यावर धुकं होतं, आणि वळणावर उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागं दिवा नाही, काही नाही. मी मातीला आले, आणि परीक्षेसाठी परत गेले. आता नाताळची सुट्टी लागल्यावर आले होते. घरी रडारड असेल, अशी मी तयारी करून आले होते. घर अगदी शांत होतं, आणि माझी तयारी काही उपयोगाची नव्हती.

बाबा ओट्यावर उन्हात बसले होते. कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांनी जन्म काढला, त्यामुळं कुठलीही गोष्ट ते तोलून बोलायचे.

"कधीपासून चाललंय हे?" मी विचारलं.

"माती झाली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. मी एकदा पेटवला तर तिनं तांब्याभर पाणी ओतून विझवला. तेव्हापासून मीही गारच घेतो."

"तुम्ही कशाला?"

"ती गार घेणार आणि मी ऊन घेणार, बरं दिसतं का?" बाबा खोकले. "डॉक्टर म्हणाले, छातीत कफ साठलाय. असंच राहिलं तर बाई हिवाळा काढायची नाही. मी तिला हे सांगितलं."

"मग?"

"बरं, म्हणाली."

बाबा अंगणातल्या उन्हाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "एस्तू, तुला दोन तारखेला परत जायचंय. तोवर तिला एक तरी गोष्ट गोड लागू दे. एकच. माझ्याच्यानं होत नाही."

त्या दिवसापासून मी आईच्या मागं लागले. मी हट्टी आहे, लहानपणापासून. गवती चहा घालून चहा केला. तिनं दोन घोट घेऊन कप खाली ठेवला. शेतातून ओला हरभरा आणला, सोलून वाटीत दिला. तिनं वाटी बाबांपुढं सरकवली. तिची खुर्ची उन्हात मांडली, तर ती उठून सावलीत जाऊन बसली. रागावून काही उपयोग नव्हता, कारण ती भांडतच नव्हती. जिनं आयुष्यभर आम्हाला धारेवर धरलं, ती बाई नुसती "नको" म्हणायची. मला तिचा राग यायचा, आणि राग आला की रडू यायचं.

फक्त एकदा ती हलली. तिच्यासाठी मी मिरजेहून चंदनाचा साबण आणला होता. एरवी आमच्याकडं लाल साबणाची वडी यायची, आणि तीही दोऱ्यानं अर्धी कापलेली. मी पुडा हातात दिला. तिनं तो सहज नाकाशी नेला आणि एकदम ताठ झाली.

"हा कुठला?"

"चंदनाचा. तुझ्यासाठी."

"असा वास सगळ्याच चंदनी साबणांना येतो?"

"येतच असेल. का गं?"

तिनं पुन्हा वास घेतला, डोळे मिटून, बराच वेळ. संध्याकाळी अंथरूण झटकताना मला साबण तिच्या उशीखाली सापडला. मी पळत जाऊन बाबांना सांगितलं, "आईला साबण आवडला!"

"मग वापरत का नाही?" बाबा म्हणाले.

वस्तीत नाताळची धांदल चालली होती. आमची वस्ती जुनी ख्रिस्ती वस्ती. नाताळात घरोघर करंज्या, चकल्या, अनारसे तळले जायचे, दारादारांवर कागदी तारे लागायचे. आमच्या दारावर तारा नव्हता आणि चुलीवर कढईही नव्हती. ज्या घरात माणूस गेलं तिथं वर्षभर तळण होत नाही. शेजारणी ताटलीवर फडकं टाकून फराळ आणून द्यायच्या, आईचा हात धरायच्या आणि दानूचं नावही न काढता जायच्या. नाव काढलं तर तिला त्रास होईल म्हणून. चुलीजवळच्या फळीवर ताटल्यांची रांग लागली, आणि त्यांना कुणी हात लावत नव्हतं.

नाताळाच्या दोन दिवस आधी दिवेलागणीला वस्तीतून गाण्याची फेरी निघते. पुढं गॅसबत्ती, मागं पेटी, झांजा, ढोलकी. प्रत्येक दारात एक गाणं होतं, मग फेरीचा पुढारी विचारतो, "या घराचा उपकार?" आणि घरातलं एक माणूस उंबऱ्यात येऊन सांगतं की सरत्या वर्षात देवाचा कशाबद्दल उपकार मानायचा. याला आमच्या चर्चच्या जुन्या पाळकांनी एक नियम घालून दिला होता. मोठी गोष्ट सांगायची नाही. नोकरी, लग्न, नवं घर, परीक्षेतला नंबर, काही नाही. शेजारच्या घरात ते झालेलं नसतं. तळहातावर मावेल एवढंच सांगायचं. त्यामुळं फेरीत मजा यायची. कुणी कोंबडीचा उपकार मानायचं, कारण ती परक्या परसात अंडं घालायची थांबली होती. थोरात मास्तर, म्हणजे फेरीचे पुढारी, त्यांनी एका वर्षी किडलेली दाढ आपोआप पडल्याचा उपकार मानला होता. बाबांचा दरवर्षी एकच, सकाळचा पहिला चहा.

मागच्या वर्षी आमच्या घराचा उपकार दानूनं सांगितला होता. गळ्यात ढोलकी अडकवून तो फेरीतून पुढं आला, स्वतःच्याच उंबऱ्यात चढला आणि म्हणाला, "दुसऱ्या बादलीचा. थंडीत आंघोळीला ऊन पाण्याची पहिली बादली सगळ्यांनाच मिळते. आमची आई शिव्या देते, पण दुसरीही देते."

सगळी फेरी हसली होती. आईनं पदर तोंडाला लावून त्याच्या पाठीत धपाटा घातला होता.

यंदा फेरी आमच्या दारात येणार नव्हती. दुःखाच्या घरापुढून ती मुक्यानं जाते, ही पद्धत. दोन घरं आधी वाद्यं थांबतात, दोन घरं पुढं गेल्यावर पुन्हा सुरू होतात.

त्या संध्याकाळी आई खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. आडवं झालं की तिला श्वास लागायचा. मी शेगडीवर पाणी उकळून तिला वाफारा दिला, तर तिनं तोंड फिरवलं होतं. बाबा गोधडी पांघरून कोपऱ्यात बसले होते. लांबून ढोलकी ऐकू यायला लागली. ढोलकी दानूचीच होती. आता ती सुमंत पारधे वाजवत होता, दानूचा लहानपणापासूनचा मित्र. कालव्याच्या अलीकडच्या बाजूला त्याचं घर होतं. मातीच्या दिवशी त्यानं खांदा दिला होता, आणि त्यानंतर तो आमच्याकडं फिरकला नव्हता. मला त्याचा राग आला होता, खरं सांगायचं तर.

ढोलकी जवळ आली. दोन घरं अलीकडं, शिरसाठांच्या दारात गाणं झालं, हशा झाला. मग सगळे आवाज बंद झाले. मुरुमावर पायांचा आवाज तेवढा येत राहिला.

"थांबलं," आई म्हणाली.

"पद्धत आहे, सगुणा," बाबा म्हणाले.

गॅसबत्तीचा उजेड आमच्या खिडकीतून आत आला, भिंतीवरून सरकायला लागला. आई त्या उजेडाकडं बघत होती. आणि एकाएकी ती उठली. मी धरायला गेले तर माझा हात बाजूला केला, दाराशी गेली आणि कडी काढली.

बाहेर वीसपंचवीस माणसं खाली मान घालून चालली होती. दार उघडलं तशी ती जागच्या जागी उभी राहिली.

"इथपर्यंत वाजवत आलात," आई म्हणाली, "आणि माझ्या दारात मुके झालात?"

थोरात मास्तर पुढं आले. "सगुणाबाई, तुम्हाला त्रास नको म्हणून…"

"मास्तर, महिना झाला. महिन्यात त्याचं नाव कुणी माझ्यापुढं काढलं नाही. तो या घरात राहत होता की नव्हता?"

मास्तरांनी टोपी काढून हातात धरली.

"विचारा की," आई म्हणाली. "घरोघर विचारत आलात ना? मलाही विचारा."

"बाई, यंदा राहू द्या."

"विचारा."

मास्तरांनी बाबांकडं बघितलं. बाबा माझ्या मागं दारात येऊन उभे होते. त्यांनी हळूच मान हलवली.

"या घराचा उपकार?" मास्तर म्हणाले.

"नाही," आई म्हणाली. "उपकार नाही. का नाही तेही ऐका. त्या दिवशी सकाळी मी बंब पेटवला नव्हता. आदल्या दिवशी त्याला म्हटलं होतं, कामावरून आलास की लाकडं फोडून ठेव. फेरीच्या तालमीला गेला, नाही फोडली. सकाळी म्हणाला, आई, पाणी? मी म्हटलं, लाकडं नाही फोडली ना, मग घे गार. जरा अद्दल घडू दे. दात वाजत होते त्याचे, तरी मोरीत गाणं म्हणत होता मला चिडवायला. तसाच गेला. माझ्या घरातून जाताना माझं लेकरू गारठलेलं होतं. आता सांगा, कसला उपकार मानू?"

मला तेव्हा कळलं की ती महिनाभर पिंपाच्या पाण्यात काय करत होती.

"मावशी."

आवाज ढोलकीच्या बाजूनं आला. सुमंत गर्दीतून बाहेर आला. थंडीतही त्याच्या कपाळावर घाम होता.

"मावशी, तो माझ्याकडं आला होता."

"कधी?"

"त्याच दिवशी. तुमच्याकडून निघाल्यावर. आमच्या आईनं चुलीवर आंघोळीचं पाणी ठेवलं होतं. दारात गाडी लावली, आत आला आणि म्हणाला, 'सुम्या, तुझं पाणी मला दे, माझ्या आईनं आज मला पार गोठवलंय.' हसत होता. मी म्हटलं, घे. त्यानं पुन्हा आंघोळ केली. चांगली बादलीभर."

आईनं चौकट धरली.

"साबण कुठला होता तुमच्याकडं?"

"अं?"

"साबण. कुठला होता?"

सुमंत गोंधळला. "ताईच्या लग्नातला होता एक. चंदनाचा. आईनं पाहुण्यांसाठी ठेवला होता. तो म्हणाला, मीच पाहुणा, आणि चोळ चोळ चोळला."

"दवाखान्यात मी त्याच्या केसांवर तोंड ठेवलं," आई म्हणाली, "तर त्याला आपला वास नव्हता. चंदनाचा वास होता. मला वाटलं, माझंच डोकं फिरलं. महिनाभर मला तेच वाटतंय."

सुमंतचं बोलणं संपलं नव्हतं. तो आता माझ्या बाबांकडं बघून बोलत होता, कारण आईकडं बघायची त्याची हिंमत नव्हती.

"काका, मी त्याला थांबवलं. चहा पण दिला वर. तो तसाच पुढं गेला असता तर ती ट्रॉली अजून वळणावर आलेलीच नव्हती. मी विचारून आलोय ट्रॅक्टरवाल्याला. नुकतीच पंक्चर झाली होती. मी पाणी दिलं नसतं तर…"

गर्दीतल्या कुणीतरी "सुमंत, गप" असं म्हटलं. बाबांनी डोळे मिटून घेतले होते.

आईनं मात्र यातलं काही ऐकलंच नाही. निदान मला तसं वाटलं. तिनं फक्त विचारलं, "कढत होतं का रे पाणी?"

"हो."

"गार पाण्याचं विसण घातलं होतं का? नाहीतर त्याला चटका बसतो, घाई करतो तो."

"घातलं होतं, मावशी. मीच घातलं विसण. हात घालून बघितलं."

आईनं पदर नीट केला आणि ती मास्तरांकडं वळली.

"मास्तर, लेकाला त्या दिवशी ऊन पाणी मिळालं. या घराचा उपकार तेवढा."

मास्तरांनी "आमेन" म्हणायचं असतं. ते त्यांच्याच्यानं झालं नाही, मग बाबांनी म्हटलं.

आई आत गेली आणि फळीवरच्या ताटल्या घेऊन आली. फेरीला दारातून रिकामं पाठवायचं नसतं, आणि आमच्याकडं तळण नव्हतं. म्हणून तिनं शिरसाठांच्या करंज्या शिरसाठांनाच दिल्या आणि थोरातांच्या चकल्या थोरातांना. लोकांनी आपापल्या घरचा फराळ आमच्या दारात उभं राहून रडत खाल्ला. सुमंतनं काही घेतलं नाही. ढोलकी त्यानं आमच्या ओट्यावर ठेवली आणि तो फेरीच्या आधीच निघून गेला.

दार लावल्यावर आई मला म्हणाली, "एस्तू, उद्या बंब पेटव."

सकाळी मला ओंडके फोडल्याच्या आवाजानं जाग आली. परसात सुमंत होता. कुणी बोलावलं नव्हतं. सगळा ढीग त्यानं फोडला, ढलप्या भिंतीला लावून रचल्या. मी बंब पेटवला. आईनं चंदनाचा साबण पुड्यातून काढला आणि मोरीत गेली. मी एक बादली दिली, मग न मागता दुसरी दिली. बाहेर उभी राहून मी तिच्या छातीचा आवाज ऐकत होते. वाफेनं कफ सुटत होता. ती खोकत होती, रडत होती आणि अंगावर पाणी घेत होती.

सुमंतच्या हाताला साल लागून रक्त आलं होतं. मी म्हटलं, "बंबात ऊन पाणी आहे, हात धू."

"नको," तो म्हणाला, आणि पिंपाकडं गेला.

मी ते बघितलं, पण त्याचा अर्थ मला लगेच कळला नाही. चार वर्षांनी आमचं लग्न झालं तेव्हा कळला.

आई त्यानंतर वीस वर्षं जगली. दरवर्षी फेरी आली की उंबऱ्यात यायची आणि तोच उपकार सांगायची. दरवर्षी नवा सांगायचा असतो, पण वस्तीत कुणी तिला टोकलं नाही. शेवटची काही वर्षं ती आमच्याकडंच होती, माझ्या सरकारी दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये; फेरीसाठी तेवढी वस्तीत जायची. रोज सकाळी मी सुमंतसाठी बाथरूममध्ये ऊन पाण्याची बादली काढून ठेवायची. तो आत गेला की बाहेरून आई ओरडायची, "सुमंत, विसण घातलंस का रे?" आतून तो म्हणायचा, "घातलं, आई." मग पाण्याचा आवाज यायचा. तो बाहेर आल्यावर मी आत जाऊन बघायची. बादली भरलेली तशीच असायची, वाफाळत. पाणी त्यानं नळाचं घेतलेलं असायचं. आईला हे मी कधी सांगितलं नाही, आणि तिला ते कधी कळलं नाही.

त्याला मी समजावलं, भांडले, एकदा तर नळच बंद करून ठेवला. तो ऐकून घेतो. "एस्तेर, तुझं सगळं पटतं," म्हणतो. आता दोघंही निवृत्त झालोय, वस्तीत परत आलोय, घरात गीझर आहे. परवा मी सहज आईसारखी ओरडले, "विसण घातलंस का?" आतून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "घातलं." बाहेर आला तेव्हा मी टॉवेल देताना त्याच्या पाठीला हात लावून बघितला. गार होती.

नंतर मी त्याला चहा दिला. चहा मात्र तो कढत घेतो. पेला दोन्ही हातांत धरतो, तळव्यांना शेक लागू देतो, आणि तेवढा वेळ डोळे मिटतो. यंदा आमच्या दारात फेरी आली तेव्हा उंबऱ्यात मी गेले, आणि त्याच्या त्या कढत चहाचा उपकार सांगितला, तेवढाच.